लिफ्ट थांबवणारा हात

सतराव्या मजल्यावरून सुटलेली लिफ्ट मी एका हातानं थांबवली, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आत शेजारचा निलेश, त्याची बायको सीमा, त्यांची आरोही आणि तांदळाची एक गोणी. वर दोर तुटला, लिफ्ट निघाली खाली. मी दाराच्या फटीतून उजवा हात घातला, मिळेल ती कडी धरली आणि सगळं कुटुंब गोणीसकट तोलून धरलं. खांद्यात कट्ट झालं, तेवढंच. बाकी गोणीतला एक दाणा सांडला नाही.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तातडीच्या विभागात, मी हे असंच्या असं सांगितलं. ऐकणारा डॉक्टर कॉम्प्युटरपुढे बसला होता. वय पंचवीस-सव्वीस. त्यानं मान वर न करता विचारलं, "उजवा की डावा?"

"उजवा," मी म्हटलं. "पण तांदळाची गोणी..."

"शुगर आहे? बीपी?"

त्यानं टाइप केलं. मी चष्मा सावरून पडद्यावर वाकून पाहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं की पेशंटला लिफ्ट थांबवताना इजा झाली. बस. झालं ते खरं. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्या थापेवर सरकारी कागदासारखा शिक्का बसण्याची ही पहिली वेळ, आणि खरं सांगतो, त्या खुर्चीत मला फार एकटं वाटलं.

का, ते कळायला जाईबाई माहीत पाहिजे.

नायगावच्या चाळीत आमच्या दोन्ही खोल्या समोरासमोर. मध्ये लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, आणि ती झोपायची वेळ सोडली तर उघडी. संध्याकाळी माणसं आपापल्या उंबऱ्यावर बसायची. माझी बायको शेवंती भाजी निवडायची, जाईबाई समोर तांदूळ पाखडायची, आणि मी सुरू करायचो. मी मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर होतो. सांगायचो, "भोंग्याच्या नळीत चिमणीनं घरटं केलं. पिलं मरतील म्हणून मॅनेजर भोंगा वाजवू देईना. मग काय, आठवडाभर मीच गच्चीवर उभा राहून तोंडानं भोंगा वाजवला. तिन्ही पाळ्या वेळेवर भरल्या. शेजारच्या मिलचे कामगारसुद्धा आमच्याकडे येऊन उभे."

इथवर सगळे ऐकायचे. मग जाईबाई सुपातून मान वर न करता म्हणायची, "खोटां!"

मालवणची ती. तिचा तो शब्द टिचकीसारखा यायचा. तो आला की गोष्ट संपली. मग हसायचं, उठायचं, पानं वाढायची. कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण चाळीचा नियमच झाला होता तो. जाईबाई "खोटां" म्हणेपर्यंत गोष्ट चालणार. कधी ती लवकर म्हणायची, कधी मुद्दाम ताणायची. ती ताणते आहे हे मला कळायचं आणि मी आणखी चढायचो. एकदा तर मी अरबी समुद्रात उभा राहून बोटीला टोचन लावून ती ओढली तरी बाई गप्प. शेवटी मीच थकलो. तेव्हा म्हणाली, "दमलंस? खोटां."

शेवंती गेली, तरी पॅसेज होता. मग चाळ पाडायला काढली. टॉवर झाला, चावी मिळाली, घर सुंदर आहे, नाव ठेवणार नाही. खिडकीतून वडाळ्याकडची गोदी दिसते. फक्त दारं बंद असतात. मी पहिल्या आठवड्यात दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसलो, तर खालून वॉचमन आला, म्हणाला, "बाबा, कॅमेऱ्यात दिसलं. काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, दार अडकलंय, सतरा हत्ती लावले तरी हलत नाही. त्यानं कार्पेंटरचा नंबर दिला.

लोक चांगले आहेत. लिफ्टमध्ये भेटले तर हसतात. मी काही सांगितलं तर म्हणतात, "हो का काका? अरे वा." आणि मजला येतो.

जाईबाईला भाचीनं वडाळ्याला नेलं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती गुडघा दाखवायला लालबागच्या एका दवाखान्यात येते असं कळलं. पुढच्या पहिल्या गुरुवारी माझा खांदा दुखायला लागला.

हे एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर हॉस्पिटल. डॉक्टर पुष्कर म्हणून हाडांचे. हसरा माणूस, पण घाईत. त्यांनी माझा सदरा काढायला लावला आणि दंडाकडे बघून "हं" केलं. माझी बेडकुळी घसरून कोपराजवळ जाऊन बसली होती. म्हातारपणी बेडकुळी आहे हेच मला नवीन, त्यात ती जागा बदलून. मग त्यांनी माझा हात धरून बाजूनं वर नेला आणि म्हणाले, "आता मी सोडतो, तुम्ही तसाच ठेवा." सोडला. हात पडला. ओल्या टॉवेलसारखा, माझा हात, मी वर ठेव म्हणतोय आणि तो पडतोय. पुन्हा म्हणाले, "हातात भरलेलं भांडं आहे आणि ते उपडं करताय असं समजा." मी भांडं समजलो, पण ते उपडं होईना.

"दोन दोऱ्या तुटल्यात आजोबा," ते म्हणाले. "स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या असतात. एक खांद्यावरची, एक दंडाची. एमआरआय करू. झटक्यानं तुटल्या असतील तर लवकर टाका घालायला हवा, नाहीतर स्नायू आक्रसून जातो. लिफ्ट म्हणालात ना?"

"तांदळाच्या गोणीसकट."

"गुरुवारी करून टाकू," डॉक्टर म्हणाले, आणि गेले.

मला सोमवारी दाखल करून घेतलं. माझा मुलगा दीपक बहारीनला असतो. त्याला फोनवर म्हटलं, किरकोळ आहे. तो म्हणाला, "बाबा, नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्यानंही विश्वास ठेवला.

एमआरआयच्या खोलीबाहेर एकानं फॉर्म भरून घेतला. कसं लागलं? आता एकच गोष्ट दोनदा सांगणं मला जमत नाही. जाईबाई म्हणायची, शिळं वाढू नको. म्हणून मी सांगितलं, गच्चीवरची पाण्याची टाकी कलली, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, मी खांदा लावला. त्यानं लिहिलं. वॉर्डात नर्सनं विचारलं. तिला म्हटलं, लालबागच्या कारखान्यात चौदा फुटी गणपती तोल जाऊन पडत होता, उंदीर आधीच पळाला होता, मी सोंड धरली. तिनंही लिहिलं. म्हणाली, "जेवण साडेबाराला येईल."

मंगळवारी सकाळी पडदा सरकवून एक मुलगी आली. डॉक्टरचा कोट नाही, नर्सचा गणवेश नाही. काखेत माझी फाइल, कानामागे पेन्सिल.

"कुशाबा घाडी? मी स्पृहा. रेकॉर्ड विभागातून आलेय. आम्ही तळघरात बसतो."

"तळघरात? काय पुरलंय तिथं?"

"फायली," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. बसली! इथं आल्यापासून बसणारी ती पहिली. "काका, मला खरं तर पेशंटकडे यायचं नसतं. शंका असली तर डॉक्टरांना विचारायचं. पण पुष्कर सर म्हणाले, तूच विचार बाई त्यांना. तर असं आहे. प्रत्येक दुखण्याला एक अक्षर आणि काही आकडे असतात. ते घालणं माझं काम. तुमचा खांदा मार लागून तुटला असेल तर अक्षर एस. आपोआप तुटला असेल तर एम. एस घातला तर सोबत आणखी एक आकडा द्यावा लागतो. कशानं लागलं आणि कुठे."

"लिफ्टला आकडा आहे?"

"आहे."

"टाकीला?"

"वरून पडणारी वस्तू. आहे."

"आणि गणपतीला?"

"त्यालाही तोच."

"गणपतीला वस्तू म्हणतेस? बोलण्यावरून गिरगावातली दिसतेस तू. घरी सांगू?"

तिला हसू आलं, पण तिनं ते कानामागच्या पेन्सिलीसारखं परत जागेवर ठेवलं. "मी गिरगावचीच. म्हणून विचारते, चौदा फुटी मूर्ती मार्च महिन्यात उभी कुठे होती?"

मिलच्या भोंग्यापासून आजवर इतका नेमका प्रश्न मला जाईबाईशिवाय कुणी विचारला नव्हता.

"तफावत आहे काका," ती म्हणाली. "तीन कागद, तीन कारणं. यातलं कुठलं?"

आता मी काय केलं असेल? शहाण्या माणसानं एक निवडलं असतं. मी चौथं सांगितलं. परळच्या पुलावर बेस्टची बस मागे घसरत होती. तिनं शांतपणे लिहून घेतलं, म्हणाली, "मी बस डेपोला फोन करून येते." आणि गेली. दुपारी पुन्हा आली. "त्या पुलावर गेल्या महिन्यात असं काही झालेलं नाही." मी म्हटलं, मग टाकी असेल. ती पुन्हा गेली. संध्याकाळी पुन्हा आली. "तुमच्या सोसायटीत टाक्या सिमेंटच्या आहेत. कलत नाहीत."

त्या दिवशी ती तीन वेळा आली. मी मोजत होतो. समोरच्या खाटेवरच्या शामरावांकडे त्यांची सून, मुलगा, व्याही, व्याह्यांचा मेव्हणा असे येत होते, तरी ते मला म्हणाले, "तुमची नात फार लक्ष देते हो." मी म्हटलं, "हो ना, ऐकतच नाही." ही थाप मला सगळ्यात गोड लागली.

तुम्ही म्हणाल, अक्षर एस काय नि एम काय, म्हाताऱ्याचा हात तर टाका घातला की बरा होणार. मलाही तसंच वाटत होतं. शिवाय खरं सांगू? त्या एमचा मला राग आला होता. आपोआप! माझ्या आयुष्यात आपोआप काही झालेलं नाही. दात पडला तर त्यालाही मी कारण दिलंय. आपोआप तुटला म्हणजे काय, तर कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही, तिथे कुणी नव्हतंच.

बुधवारी सकाळी ती आली तेव्हा पेन्सिल हातात होती.

"उद्या आठला ऑपरेशनची पहिली केस तुमची आहे काका. आता माझं ऐका. डॉक्टर त्यांचं पान वाचतात, नर्स तिचं, एमआरआयवाले त्यांचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी फाइल वाचणारी या इमारतीत मी एकटी. मला तेवढंच येतं. नर्सनं दाखल करताना अंगावरच्या खुणा लिहिल्यात. उजव्या खांद्यावर पांढरट, खोलगट डाग. हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"जन्मखूण."

"तिथे पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेतलं की तसा डाग पडतो. किती घेतलीत?"

मी खिडकीकडे पाहिलं.

"काका, त्या औषधानं दोरी विरते. आणि नुकतंच घेतलेलं असलं आणि उद्या तिथे कापलं, तर आत पू होऊ शकतो. मग टाका राहिला बाजूला, हात जाईल. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे. पण तुम्ही खरं सांगितल्याशिवाय मी अक्षर घालणार नाही, आणि सरांना जाऊन सांगणार आहे की फाइल अर्धवट आहे."

हात माझा होता, हे खरं. पण मला त्या क्षणी काय वाटत होतं सांगू? खरं सांगितलं की ही पेन्सिल कानामागे ठेवणार आणि तळघरात जाणार. पुन्हा यायचं तिला कारण उरणार नाही. एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला ते स्टूल. मी बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिलो.

"सहा," मी म्हटलं. "पाच महिन्यांत सहा."

"इतका दुखत होता?"

"अजिबात दुखत नव्हता."

तिनं लिहायचं थांबवलं.

मग मी सांगितलं. पहिल्यांदाच एका जागी बसून, न सजवता. पॅसेज सांगितला, सूप सांगितलं, "खोटां" सांगितलं. गुरुवार सांगितला. दवाखान्याच्या बाकावर बसायला काहीतरी दुखायला लागतं. नुसता बसलो असतो तर कंपाउंडरनं विचारलं असतं. म्हणून मी खांदा पुढे केला. जाईबाई बाकावर होती, गुडघ्यावर हात ठेवून. म्हणाली, "तुझो खांदो दुखता? खोटां!" सगळा दवाखाना हसला. डॉक्टरही हसला, आणि नंबर आल्यावर सुई दिली. ती शंभर टक्के बरोबर बोलली होती आणि मी तरी आत गेलो, कारण त्याआधीचा पाऊण तास आम्ही बोललो होतो. असे पाच पाऊण तास.

"मग?"

"मग भाचीनं तिला कुडाळला पाठवलं. तिथे तिचा भाऊ असतो. फोनवर ऐकू येत नाही तिला. मी काहीही सांगितलं तरी म्हणते, 'जेवलंस?' सहाव्या सुईच्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा बाक रिकामा. तरी घेतली सुई. नंबर लावला होता ना."

"कधीची गोष्ट?"

"उद्या बरोबर तीन आठवडे होतील."

"आणि तुटला कधी?"

"त्याच दिवशी. घरी आलो. खाली लिफ्ट उभी होती. आत निलेश, सीमा, आरोही, आणि हो, तांदळाची पिशवी, पाच किलोची. दार मिटत होतं. मी हात वर केला. असा. 'थांबा' म्हणायला. जोर नाही, धक्का नाही. नुसता वर केला. खांद्यात सुतळी तुटावी तसं कट्ट झालं आणि दार मिटलं. त्यांनी बघितलंच नाही. ते मोबाइलवर काहीतरी दाखवत होते पोरीला."

स्पृहानं पेन्सिल फाइलवर आडवी ठेवली.

"साच्यावर असं व्हायचं," मी म्हटलं. "धागा आतून विरलेला असला की कुणी हात न लावता तुटायचा. साचा थांबायचा. मग चिठ्ठीवर कारण लिहायला लागायचं, का थांबला. मी काहीतरी ठोकून द्यायचो. 'आपोआप' लिहायला कसंतरी वाटायचं. कापड बघणाऱ्याला वाटेल, इथे कुणी उभंच नव्हतं."

ती उठली आणि गेली. दहा मिनिटांत डॉक्टर पुष्कर आले, मागे ती. डॉक्टरांनी खांद्यावरचा डाग अंगठ्यानं चाचपला, एमआरआयची चित्रं पुन्हा उजेडाला धरली, आणि पहिल्यांदाच माझ्या खाटेवर बसले.

"आजोबा, तीन आठवड्यांपूर्वीचं इंजेक्शन! उद्या कापलं असतं तर काय झालं असतं माहीत आहे? दोरी सडक्या सुतासारखी असणार. टाका धरलाच नसता. मला वाटलं, वयामुळे दोरीचे काठ झिजलेत. ऑपरेशन रद्द. तीन महिने नुसता व्यायाम. हात खांद्यापर्यंत नक्की येईल. डोक्यावर जाईल का, ते आत्ता सांगता येत नाही. नंतर बघू. आणि एक. यापुढे दुखत नसलेल्या जागी सुई घ्यायची नाही. आता डाव्यावर सगळा भार येणार आहे, त्याला जपा."

"बरं," मी म्हटलं.

"खरंच बरं?"

"खरंच."

ते गेले. शामरावांची मंडळी आली, डबे उघडले, कोलंबीचा वास सुटला. स्पृहानं माझ्या फाइलवर पेन्सिलीनं आधी आणि मग पेनानं काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून पाहिलं. एम. पुढे आकडे.

"मग झालं म्हणायचं," मी म्हटलं.

"झालं काका. उद्या सकाळी सोडतील. फाइल पूर्ण."

"अगदी पूर्ण?"

"अगदी." पेन्सिल कानामागे गेली. फाइल काखेत गेली. तिनं स्टूल उचलून पुन्हा भिंतीला लावलं, त्याचा तो खर्रर्र आवाज झाला, आणि ती निघाली. पडदा एका बाजूनं मिटत आला. त्यात तिची पाठ दिसेनाशी होत होती, हिरव्या कापडाची फट लहान लहान होत होती.

"ए पोरी, थांब!" मी हाक मारली आणि हात वर केला. "एक राहिलं लिहायचं. डावा खांदाही दुखायला लागलाय बघ. कालपासून. भयंकर. हलवतासुद्धा येत नाही."

पडदा थांबला. फटीतून तिचं तोंड आत आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो सरळ वर होता, कानाला चिकटून, पाची बोटं पसरलेली, पंख्याला लागेल इतका ताठ.

आणि शामराव, त्यांची सून, व्याही, दारातली नर्स, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती गिरगावची मुलगी म्हणाली, "खोटां!"